एक काढून बघू

आज आमटीतून काय काढायचं, हे खरात सर मला सकाळी आल्या आल्या सांगतात.

आमटीत काय घालायचं ते सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. माझी सासू त्यातलीच होती. पण काय काढायचं ते सांगणारा माणूस मला एकच भेटला. सोमवारी हळद काढायची. मंगळवारी हळद परत घालायची आणि जिरं काढायचं. बुधवारी चिंच. एका दिवशी एकच गोष्ट काढायची, हा त्यांचा नियम. दोन काढल्या तर कुणाच्या नसण्यानं काय बिघडलं ते कळत नाही, म्हणतात. दुपारी जेवायला बसले की पहिला घास तोंडात घेऊन डोळे मिटतात, थोडा वेळ तसेच बसतात आणि मग डाव्या हातानं वही ओढून लिहितात. तोवर समोर बसलेल्या भालेराव मॅडमचा अर्धा डबा संपलेला असतो.

जालन्याहून अंबडला जाताना रस्त्याच्या कडेला आमची प्रयोगशाळा आहे. मी तिथं काचेच्या बाटल्या आणि बशा धुते, धुतलेलं सगळं मोठ्या कुकरात वाफवते, फरशी पुसते. मागच्या खोलीत शेगडी आहे, तिथं सरांपुरती आमटी-भाकरी करते. सर तिथले शास्त्रज्ञ. आवारातच एका खोलीत एकटे राहतात. भालेराव मॅडम कॉम्प्युटरचं काम बघतात आणि परतूरहून रोज रेल्वेनं ये-जा करतात. बस, आम्ही तिघं.

सरांच्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारलेली असते. डाव्या बाजूला वर लिहिलेलं असतं ‘आवश्यक’ आणि उजव्या बाजूला ‘नसले तरी चालते’. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं मला वाचता येतं. वही टेबलावर नेहमी उघडीच असते, त्यामुळं पुसताना नजर जाते. डाव्या बाजूला मीठ आहे (पहिल्या घासातच कळले). सायकलचा मागचा ब्रेक आहे (उतारावर कळले). उजव्या बाजूला कढीपत्ता, चष्म्याची डावी काडी, शर्टाचं वरून दुसरं बटण आणि खुर्चीची पाठ. पंख्याचा एक स्क्रू आधी उजव्या बाजूला होता. आठ दिवसांनी तो खोडून डाव्या बाजूला न्यावा लागला, कारण पंखा खाली आला. सर तेव्हा नेमके हात धुवायला गेले होते.

प्रत्येक नावापुढं कारण लिहायचं, हाही नियमच. मी एकदा धीर करून विचारलं की सर, कारण कशाला. तेव्हा म्हणाले, “नुसतं आवश्यक म्हणून कसं चालंल, कौसाबाई? ते तर जो तो स्वतःला म्हणतोच.”

भालेराव मॅडमना या वहीचा राग येतो. त्या एकदा म्हणाल्या, “सर, एक दिवस माझं बोलणं काढून बघा.”

“बघितलं असतं,” सर म्हणाले. “पण तुम्ही रजाच घेत न्हाई.”

हे सगळं येडेपण नाही, हे मला कामाला लागल्यावर वर्षभरानं कळलं. सरांचं कामच तसं आहे. हरभरा निघालेल्या रानात पुढचं पीक चांगलं येतं, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. का येतं ते सरांनी सांगितलं. हरभऱ्याच्या मुळाला गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात, डोळ्याला न दिसणारे, आणि ते हवेतून खत काढून झाडाला देतात. झाड त्यांना खायला देतं. त्या एवढ्याशा जिवाच्या आत एक लांब दोरी असते आणि तिच्यावर चारच अक्षरांत त्याची सगळी कामं लिहिलेली असतात, हजारो कामं. आता यातलं कुठलं काम मुळात शिरायला लागतं, कुठलं गाठीत टिकायला लागतं आणि कुठलं उगंच आहे, हे कसं ओळखायचं, तर सर म्हणतात तसं. एक काढून बघू.

त्यासाठी जिवाणूच्या दोरीत एक पाचर मारतात. पाचर म्हणजे तसलाच एक छोटा तुकडा. जिथं तो घुसतो तिथलं काम बंद पडतं. एका जिवाणूत एकच पाचर, पण प्रत्येकात वेगळ्या जागी. असे लाखो मोडके जिवाणू एका भांड्यात एकत्र वाढवायचे आणि हरभऱ्याच्या मुळाला लावायचे. गाठी धरल्या की त्या तोडायच्या आणि आत कोण कोण पोचलं ते बघायचं.

मला ते काही केल्या समजेना. लाखोंतून कोण पोचलं ते एकेक करून कसं बघणार? तेव्हा सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी बापाचं सांगितलं. सर मेंढपाळाच्या घरातले, अंबड तालुक्यातले. बाप शाळेत गेला नव्हता. शेजारचे लोक संध्याकाळी मेंढरं मोजायचे. सरांचा बाप मोजायचा नाही. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राहायचा, सगळा कळप आत जाऊ द्यायचा आणि म्हणायचा, “बाकी समदी आली. काळ्या कानाची तेवढी न्हाई.” मग कंदील घेऊन काळ्या कानाचीला शोधायला निघायचा.

“आलेल्याकडं समदेच बघतेत,” सर म्हणाले. “कोण न्हाई ते दिसायला निराळी नजर लागते. हैदराबादला एक मशीन हाय, तिला ती नजर हाय.”

ते मशीन मी पाहिलेलं नाही. आम्ही थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बारक्या नळ्या पाठवतो. मशीन एकाच वेळी लाखो तुकड्यांवरची अक्षरं वाचतं आणि ते वाचलेलं मॅडमच्या कॉम्प्युटरवर येतं. नुसती चार अक्षरं, आलटून पालटून, पानंच्या पानं. मॅडम बघतात की कुठल्या पाचरीशेजारची अक्षरं दोरीवरच्या कुठल्या जागेची. भांड्यात होता आणि गाठीत दिसला नाही, असा जो असेल, त्याची जी जागा मोडली होती ती गाठीत राहायला आवश्यक. दोन वर्षं हे चाललं होतं. शेवटी मॅडमनी अशा नाही आलेल्यांची एक यादी काढली. सरांनी ती यादी बघितली सुद्धा नाही. पाकिटात घालून चिकटवायला लावली.

कारण आता पडताळा घ्यायचा होता. मशीन म्हणतं ते झाड म्हणतं का, हे बघायचं होतं. एकेक जागा मोडलेला जिवाणू वेगळा करून एकेका कुंडीत द्यायचा आणि हरभरा कसा वाढतो ते पाहायचं. मागच्या शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, तीस कुंड्या होत्या, प्रत्येकीत चार रोपं. वाळू मी स्वतः धुऊन वाफवलेली. खत काही नाही. कुंडीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात कुठला जिवाणू हे मॅडमच्या पाकिटात. आपल्याला आधी माहीत असलं की डोळ्याला तेच दिसतं, असं सरांचं म्हणणं.

या कुंड्यांवर फार अवलंबून होतं. कामाला पैसा देणाऱ्यांना महिना भरल्यावरच्या सोमवारी कळवायचं होतं, की यादी आणि कुंड्या जुळतात का. जुळल्या तर काम पुढं चालणार. नाही जुळल्या तर शेडनेटला कुलूप आणि आम्ही तिघं आपापल्या घरी. एवढं मलाही माहीत होतं. कुंडीत नेमकं काय दिसलं म्हणजे जुळलं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारणं मला जमत नाही.

महिना होत आला तेव्हा सरांना चार दिवस हैदराबादला जावं लागलं. निघताना त्यांनी मला शेडनेटमध्ये नेऊन सगळं समजावलं. पाणी उकळून गार केलेलंच घालायचं. एका कुंडीचा हात दुसरीला धुतल्याशिवाय लावायचा नाही. इथलं काही बाहेर टाकायचं झालं तर आधी कुकरात वाफवायचं. मी मान हलवली. रिक्षात बसता बसता ते म्हणाले, “बाकी तुमच्या रानासारखं सांभाळा. तुम्हाला काय सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी पाणी घालायला गेले तर काही कुंड्यांतली रोपं पिवळी पडली होती. खुजी, मरतुकडी, खालची पानं गळालेली. शेजारच्या कुंडीतली हिरवीगार. तिसऱ्या दिवशी ती आणखी पिवळी झाली. मला सरांची काळजी वाटली. इतक्या हौसेनं लावलेला हरभरा, परवा येऊन बघतील तर काय वाटेल? आणि रानात असं झालं तर काय करायचं, हे मला लहानपणापासून हातात बसलेलं आहे. रोगट झाड उपटायचं, नाहीतर शेजारच्याला लागतं. उपटलेली जागा रिकामी ठेवायची नाही, दुसरं रोप लावायचं. आमच्याकडं याला नांग्या भरणं म्हणतात. दाराशी ट्रेमध्ये जास्तीची रोपं होतीच, न मोडलेला जिवाणू दिलेली, चांगली तरारलेली. मी बारा कुंड्यांतली पिवळी रोपं उपटली आणि ट्रेमधली वाळूच्या गड्ड्यासकट लावली. प्रत्येक कुंडीला हात धुतले. उकळलेलं पाणी घातलं. उपटलेली सगळी पिशवीत बांधून वीस मिनिटं वाफवली आणि मगच टाकली. सरांचा एकही नियम मोडला नाही. घरी जाताना मला बरं वाटत होतं.

सर गुरुवारी दुपारी आले. पिशवी ठेवली, पाणी प्यायले आणि विचारलं की मागं काही अडलं का.

“काही न्हाई अडलं,” मॅडम म्हणाल्या. “लाइट होती, पाणी होतं, मावशी येळेवर, मी येळेवर. तुम्ही न्हाईत हे मला आज सकाळी ध्यानात आलं बघा.”

मॅडमचं बोलणं असंच असतं. सर हसले. मग शेडनेटकडं गेले.

बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा तोंडाचा रंग गेला होता. ते मॅडमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. मी बाहेर नळावर बाटल्या घासत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तिसाच्या तीस कुंड्या हिरव्या आहेत, असं ते म्हणत होते. एकही पिवळी नाही. मशीननं सांगितलेली जी काही आवश्यक कामं आहेत ती मोडूनही रोपं मजेत आहेत. म्हणजे कुठलंच काम आवश्यक नव्हतं. म्हणजे यादी चुकली. मॅडम चिडल्या. यादी त्यांनी तीनदा तपासली होती. यादी चुकायचं कारण नाही, म्हणाल्या. सर एवढंच म्हणाले, की रोपाला खोटं बोलायची काय गरज आहे.

माझ्या हातातली बाटली निसटून हौदात पडली. फुटली नाही.

पिवळी हवी होती. पिवळी होती तेच उत्तर होतं, आणि ते मी उपटून, वाफवून टाकलं होतं. मी तिथंच बसून राहिले. उठून सांगावं असं दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा तर दारापर्यंत गेले. पण आत मॅडम बोलत होत्या, सर खाली बघत होते, आणि माझं तोंड उघडेना. सांगितलं तर उद्यापासून मला कोण ठेवून घेणार, हेही डोक्यात आलंच. खोटं कशाला लिहू. पाच वाजता फरशी पुसली आणि बस धरली.

शुक्रवारी मी पहिल्या बसनं आले. कुलूप उघडलं आणि सवयीनं सरांचं टेबल पुसायला घेतलं. टेबलावर एक कागद होता, सोमवारच्या पत्राचा. यादी चुकीची ठरली, काम थांबवावे लागेल, अशी सुरुवात होती. त्याच्या शेजारी वही, नेहमीसारखी उघडी. उजव्या बाजूला सगळ्यात खाली नवीन ओळ होती.

‘मी (चार दिवस नव्हतो. काही अडले नाही. कुणाचा फोन नाही).’

मी ती ओळ परत परत वाचली. मॅडमचं कालचं बोलणं मला आठवलं. त्या गमतीनं म्हणाल्या होत्या, पण सरांनी ते घास घेतल्यासारखं डोळे मिटून घेतलं असणार. खरं म्हणजे त्या चार दिवसांत मलाही फोन करायचं सुचलं नव्हतं. सरांना फोन करून मी बोलणार तरी काय? मग मला त्यांच्या बापाची आठवण झाली. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पण ते मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे असते, तर पहिल्या संध्याकाळीच त्यांनी ओळखलं असतं.

सर मागच्या दारानं आले. आज आमटीतून काय काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीवर बसले आणि पत्र पुढं ओढलं.

“सर, पिवळी व्हती,” मी म्हणाले.

“काय पिवळं?”

“रोपं. बारा कुंड्यांतली. म्या उपटली.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्याकडं बघून मला बोलता आलं नसतं, म्हणून मी टेबलाकडं बघत राहिले.

“उपटली, मंग आता तिथं काय हाय?”

“नांग्या भरल्या.”

“कशानं?”

“दारातल्या ट्रेमधल्या रोपांनी.”

“आन उपटलेली कुठंयत?”

“वाफवली. वीस मिनिटं.”

सर मागं टेकले. खुर्चीला पाठ नाही हे ते विसरले होते. ते पडले, आणि मी घाबरून धावले, तर खाली बसल्या बसल्याच त्यांनी मला थांबायची खूण केली.

“पण का, कौसाबाई?”

“तुम्हीच म्हणले व्हते. रानासारखं सांभाळा.”

ते फरशीवरच मांडी घालून बसले. मग म्हणाले, “म्हणलो व्हतो. बराबर हाय.” आणि मग, तिथूनच, “कुठल्या बारा, सांगता येईल का?”

आता हे काय विचारणं झालं? आपण हातानं उपटलेलं कुठं उपटलं, ते कसं विसरेल माणूस? पण सरांनी मला लगेच सांगू दिलं नाही. मॅडमची गाडी येईपर्यंत थांबायला लावलं. मॅडम आल्या, त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी डबासुद्धा न ठेवता पाकीट काढलं. पाकीट त्यांच्या हातात तसंच बंद होतं. आम्ही तिघं शेडनेटमध्ये गेलो. मी रांगेतून चालत गेले आणि बोट दाखवत गेले. ही. ही. ही न्हाई. ही चारी पिवळी. हिच्यात तर एक पारच गेलं व्हतं. सर नंबर लिहीत होते.

मग मॅडमनी पाकीट फोडलं. सरांनी तीन म्हटलं, मॅडम म्हणाल्या आहे. सरांनी सात म्हटलं, मॅडम म्हणाल्या आहे. असं एकेक करत अकरा जुळल्या. यादीतल्या अकराच्या अकरा. राहिली फक्त सव्वीस नंबरची कुंडी. ती मी पिवळी सांगितली होती आणि यादीत ती नव्हती.

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण त्या मॅडमच. म्हणाल्या, “आता ते मशीन इकून टाकायला सांगा आणि मावशींना हैदराबादला बसवा.”

सरांचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं. अकरा जुळल्याचा आनंद करायचा सोडून ते सव्वीस नंबरपाशी उकिडवे बसले होते. यादीत नाही आणि तरी पिवळी, म्हणजे मशीनलाही न दिसलेलं काहीतरी इथं आहे, असं त्यांनी आम्हाला तीन वेळा सांगितलं.

माझ्या आठवणीवर शास्त्र चालत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. सगळं पहिल्यापासून परत लावायला लागणार होतं. सोमवारच्या पत्रात आणखी वेळ मागायला लागणार होता. पत्र सरांनी सांगितलं, मॅडमनी टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की रोपांची देखभाल कशी करावी याची सूचना मी चुकीची दिली, त्यामुळे कुंड्या बाद झाल्या, चूक सर्वस्वी माझी आहे. माझं नाव कुठंच नव्हतं. मी मॅडमना परत वाचायला लावलं, तरी नव्हतं.

त्या दुपारी दोघं चहाला मागच्या खोलीत गेले. मी टेबल पुसायला थांबले. वही उघडीच होती. शेजारी पेन्सिल होती. दुसऱ्याच्या वहीत लिहू नये हे मला कळतं. तरी मी ती उजव्या बाजूची शेवटची ओळ खोडली. डाव्या बाजूला, जिथं मीठ आणि ब्रेक आहे, तिथं खाली ‘सर’ असं लिहिलं. कारण लिहिल्याशिवाय चालत नाही, म्हणून कारणही लिहिलं. ‘चार दिवस नव्हते. रोपं उपटली गेली.’ माझं अक्षर मोठं आहे, त्याला दोन ओळी लागल्या. मग फडकं धुतलं आणि बाटल्यांकडं गेले.

संध्याकाळी टेबल पुसायला घेतलं तेव्हा वहीत माझ्या ओळीखाली त्यांची एक ओळ वाढलेली होती. ‘खुर्चीची पाठ (पडल्यावर कळले).’ शनिवारी सकाळी आल्या आल्या म्हणाले, “आज धने काढून बघू.”

वेळ मिळाला. वाळू परत धुतली, परत वाफवली, परत तीस कुंड्या लावल्या. या वेळी सरांनी शेडनेटच्या दारावर पाटी लावली, ‘काही उपटू नये’. ती वाचणारी तिथं मी एकटीच होते. महिन्याभरात पिवळी दिसायला लागली आणि मी रोज ती बघून आनंदानं परत येत होते. रानातल्या बाईला हे शिकायला जड जातं. पुन्हा त्याच अकरा पिवळ्या झाल्या. काम पुढं चालू राहिलं.

सव्वीस नंबरची मात्र या खेपेला हिरवीगार आली. सर दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी जुनी सव्वीस नंबरची कुंडी शोधून आणली आणि उलटी करून बघितली, तर तिच्या बुडाला भोकच नव्हतं. पाणी साठून रोपं सडली होती. मॅडम त्यांना अजून ती कुंडी विसरू देत नाहीत. सरांनी ती टेबलावर ठेवली आहे, पेन्सिली ठेवायला.

आता सर बाहेरगावी गेले की मी रोज चार वाजता त्यांना फोन करते. बोलायचं काय ते मला अजूनही सुचत नाही, म्हणून मी कुंड्यांचे रंग सांगते. एक हिरवी, दोन हिरवी, तीन पिवळी, अशा तिसापर्यंत. सर मधे बोलत नाहीत. पलीकडं गाड्यांचे आवाज येत असतात. तिसावी झाली की ते विचारतात, “आणि बाकी?”

“बाकी समदं हाय,” मी म्हणते. “तुम्ही तेवढे न्हाई.”